थोपवणारं पाणी

डिसेंबरात इथे दिवस चार तासांचा,
तोही कुणाकडून उसना आणल्यासारखा.
स्टेइन्वोर पहाटे साडेपाचला दिवा लावते,
काचेची नळी मुठीत ऊब देत धरते
आणि कोल्बेइन नावाच्या मेंढ्याला
त्याच्या बापाच्या नावाने हाक मारते,
कारण तो ओ देतो ती त्याच नावाला.

एक मिलीलिटर. थंडी फार असली तर तेवढंही नाही.
सायीइतकं दाट.
सूक्ष्मदर्शकाखाली
गाडीच्या दिव्यांत भिरभिरणारा हिमवर्षाव.

बघणारे पोहणाऱ्यांना बघतात.
ती बघते ते पाणी.

ह्वान्नेरीच्या शेतकी शाळेत असताना
तिने एकदा ते धुऊन टाकलं होतं.
यंत्रात घालून तीनदा गरगर फिरवलं,
तळाशी उरले नुसते शुक्राणू,
स्वच्छ, मोकळे, पाठीवर कुणाचा हात नसलेले.
आता बघा कसे धावतात, ती म्हणाली.
धावले.
शेपटीचे चाबूक करून, गुडघ्याला बाशिंग बांधून,
काहींनी तर अंडं भेदायची टोपी
वाटेतच उधळून टाकली.
समोर अंडं नव्हतं. काच होती.
जेवून परत येईतो सगळं निपचित.

मास्तर अर्न्ग्रिमुर बोलायचे कमी.
दुसऱ्या काचेवरच्या उतावळ्यांत त्यांनी
ओतून टाकायला ठेवलेल्या त्या पाण्याचा
एक थेंब सोडला.
दारातच कुणी म्हणावं, बसा जरा, घाई कसली,
तशा शेपट्या मंदावल्या.
टोपी ज्यांची शाबूत होती ते निवले,
बाकीच्यांना आता कोण काय सांगणार.

त्या थेंबात होतं काय?
प्रथिनांचं एक पातळ कांबळं.
भिंतीतलं कोलेस्टेरॉल भिंतीतच राखणारं,
कॅल्शियमला उंबऱ्यावर ताटकळवणारं.
ज्या देहानं पाठवलं
त्यानंच शिदोरीत बांधून दिलेली मनाई.
ती काढायची मेंढीनं,
तिच्या घरात, तिच्या चिकट अंधारात,
तिच्या वेळेला.

(सतराव्या वर्षी आईनं बसमध्ये बसवलं
तेव्हा अंगावर तीन लोकरी स्वेटर.
उकडतंय, स्टेइन्वोर ओरडली होती.
एक बोर्गार्नेसला काढला,
एक रेक्याविकला,
तिसरा कधी काढला ते ती सांगत नाही.)

आज घाटात गाडी अडकली.
होल्तावोर्धुहेइदी बंद, वाऱ्यानं खांब वाकलेले,
मागच्या सीटवर डबा, डब्यात पाच अंशांवर
कोल्बेइनच्या एकवीस नळ्या.
एय्विंदुरचा फोन, तिसऱ्यांदा:
अकरा मेंढ्या माजावर आहेत गं. उद्या नसतील.
माझ्या हातात रस्ता नाही, ती म्हणाली.
आणि डब्यातले?
ते थांबतील.
तुला काय ठाऊक?
सांगून पाठवलंय.
तो हसला नाही. गोठ्यातून कुणीतरी बेंबटलं.

रात्रभर ती खिडकीशी.
दुधाळ पाण्यात, थंडीत, काळोखात
कोट्यवधी शेपट्या जवळजवळ हलत नाहीत.
जवळजवळ.
तेवढ्यावरच तर सगळा धंदा चालतो.

दुसऱ्या दिवशी चारला, उजेड विझता विझता,
पुन्हा फोन. आठ झाल्या. तिघी माजातून उतरल्या,
त्यातली एक त्याची लाडकी, चार शिंगांची.
ती काही बोलली नाही.
बाकीच्या आठांचं मे महिन्यात कळेल,
गवत वर येईल तेव्हा,
किंवा नाही कळणार. बर्फ उशिरा वितळला
तर एय्विंदुर कोकरं मोजायचंही विसरतो.

सिंकपाशी ती नळी उलटी करते.
काचेला एक थेंब चिकटलेला,
खाली यायला तयार नाही.
ती वाट बघते.
मग नळ सोडते.